साठ ठोके

त्या घरात कुणाला सर्दी झाली की तीन कायदे लागू व्हायचे आणि तिन्ही एकमेकांच्या उरावर बसायचे.

पहिला कायदा आईचा. एक शिंक आली की सायकल बंद, दोन आल्या की नोकरी बंद, आणि तिसरी आली तर माणसाने पांघरुणाबाहेर पायाचा अंगठासुद्धा काढायचा नाही. दुसरा कायदा मुलीचा. तो ती तिच्या सायकल क्लबातून शिकून आली होती. सर्दी मानेच्या वर असेल, म्हणजे नुसतं नाक गळतंय, डोळे चुरचुरतायत, तर खुशाल सायकल मारावी. मानेच्या खाली उतरली, छातीत खोकला, अंगात कणकण, तर सायकल भिंतीला टेकवून गप पडून राहावं. तिसरा कायदा वडिलांचा, आणि घरात चालायचा तो हाच. वडील रोज सकाळी मुलीचं मनगट धरून एक मिनिट नाडी मोजायचे. तिचे नेहमीचे ठोके पंचावन्न. पासष्टपर्यंत जायला परवानगी. त्याच्या वर एक जरी ठोका गेला, तर सायकलच्या कुलपाची किल्ली वडिलांच्या खिशात.

वडील घड्याळं दुरुस्त करायचे. अख्खी गल्ली त्यांना सेकंदराव म्हणायची, पाठीमागेही आणि तोंडावरही. त्यांना त्याचा राग येत नसे. खरं तर मनातून गुदगुल्याच होत. दुधाची गाडी तीन मिनिटं उशिरा आली तर ते काही बोलत नसत, फक्त बाही वर सारून मनगट दाखवत. मुलीला लहानपणापासून एका जागी बसणं माहीत नव्हतं, म्हणून तिचं घरातलं नाव पडलं भिंगरी, आणि अठ्ठावीस वर्षांची झाली तरी ते तसंच राहिलं. गावाबाहेरच्या टेकडीवर पाणी शुद्ध करायचं केंद्र होतं, तिथे ती रोजच्या पाण्याची तपासणी करायची. घरापासून नऊ किलोमीटर, त्यातले शेवटचे चार नुसता चढ. क्लबातल्या लोकांकडे छातीला बांधायचे पट्टे होते, ठोके आपोआप मोजणारे. भिंगरीने एकदा तसला पट्टा घ्यायचं काढलं तेव्हा सेकंदराव इतके दुखावले, की जणू तिने दुसऱ्या कुणाला बाबा म्हणायला सुरुवात केली होती. पट्ट्याचा विषय तिथेच मिटला.

हा कायदा उगाच झालेला नव्हता. चोवीस वर्षांपूर्वी सेकंदरावांचा धाकटा भाऊ याच घरात राहायचा. एकतीस वर्षांचा, कारखान्यात लेथवर कामाला, सायकलवेडा. असाच थंडीचा महिना होता. चार दिवस त्याचं नाक वाहत होतं, अंगात बारीक ताप होता. सकाळी दारात सायकल काढून त्याने विचारलं होतं, "दादा, जाऊ का? आज जरा कसंसंच होतंय." दादा तेव्हा डोळ्याला भिंग लावून एका घड्याळात डोकं घालून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "साधं पडसं तर आहे. जा, घाम आला की मोकळं होईल." भाऊ गेला. कारखान्याच्या फाटकाच्या थोडं अलीकडे सायकलवरून पडला, तो परत उठला नाही. सर्दीतापाचा संसर्ग कधीकधी, अगदी क्वचित, हृदयाच्या स्नायूत उतरतो, तिथे सूज येते, आणि अशा वेळी शरीराला दमवायचं नसतं, हे डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. घरातले बाकीचे 'क्वचित' या शब्दाचा आधार घेऊन हळूहळू सावरले. सेकंदरावांना तो शब्द ऐकूच आला नव्हता.

आपण 'जा' म्हणालो होतो, हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. त्यांनी एवढंच मनाशी पक्कं केलं, की त्या सकाळी भावाची नाडी कुणी मोजली असती तर ती वाढलेली निघाली असती आणि तो घरी राहिला असता. आकडा खोटं बोलत नाही. पुढे भिंगरीने हट्टाने सायकल घेतली तेव्हा त्यांनी तिला अडवलं नाही, पण रोजची नाडी कबूल करून घेतली. स्वतः मात्र त्या दिवसापासून कधी सायकलवर बसले नाहीत.

तर त्या सकाळी घरात सर्दी होती, आणि ती दोघांना होती. आठवड्याच्या सुरुवातीला भिंगरी कुठूनतरी घेऊन आली आणि दोन दिवसांत तिने ती वडिलांना देऊन टाकली. सेकंदरावांचं नाक चोंदलं होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे दोन्ही कान बंद झाले होते. बायको बोलत होती ती शेजारच्या घरातून बोलल्यासारखी वाटत होती.

मनगटावर त्यांचं स्वतःचं घड्याळ नव्हतं. ही त्यांच्या धंद्यातली जुनी रीत. दुरुस्त केलेलं घड्याळ गिऱ्हाइकाला देण्याआधी दोन दिवस ते स्वतः हातात घालून फिरत आणि स्वतःचं दुकानातल्या खिळ्याला टांगून ठेवत. टेबलावर ठेवलेलं घड्याळ पाहुण्यासारखं शहाण्यासारखं वागतं, ते म्हणत; त्याचा खरा स्वभाव हातावर कळतो. त्या दिवशी हातात होतं ते दातांच्या डॉक्टरांचं जुनं किल्लीचं घड्याळ. कालचा अख्खा दिवस ते सेकंदालाही इकडेतिकडे हललं नव्हतं.

सहाच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हा त्यांनी रेडिओच्या ठोक्याला घड्याळ ताडून पाहिलं. बरोब्बर सहा. मग ते वाफ घ्यायला बसले. वाफ घड्याळात जाऊ नये म्हणून त्यांनी ते मनगटावरून सोडलं. एरवी ते खिडकीच्या फळीवर ठेवलं असतं, पण फळीवर आज औषधाच्या बाटल्या, रुमाल आणि पाण्याचं भांडं होतं. म्हणून त्यांनी ते रेडिओवर ठेवलं. रेडिओच्या पोटात कर्ण्यामागे चांगलं मुठीएवढं चुंबक असतं, आणि चुंबकाजवळ घड्याळ ठेवू नये, हे हा माणूस तीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला बजावत आला होता. त्यावरून लोकांना झापतसुद्धा असे. पण डोक्यावर पंचा, पंचाखाली वाफ आणि डोकं जड दगड झालेलं. त्या सकाळी त्यांच्या ते ध्यानातच आलं नाही.

दहा मिनिटांनी त्यांनी चेहरा पुसला, घड्याळ हातात चढवलं आणि स्वयंपाकघरात आले. भिंगरी खुर्चीत बसून बूट बांधत होती.

"आज राहू दे की गं," आई म्हणाली. "नाक बघ कसं लाल झालंय."

"आई, मानेच्या वर आहे सगळं. आणि आज जोडीदार रजेवर आहे. साडेसातचा नमुना मीच घ्यायचा आहे, आणि पहिली बस आठनंतर." मग ती थोडी थांबली आणि वडिलांकडे पाहून म्हणाली, "पण पाय जरा जड वाटतायत, बाबा. आणि रात्री झोपेतून दोनदा..."

"बोलू नकोस. बोललीस की ठोके वाढतात," सेकंदराव म्हणाले आणि त्यांनी तिचं मनगट धरलं.

एरवी त्यांनी घड्याळ कानाशी नेलं असतं. मोजण्याआधी एकदा टिकटिक ऐकायची त्यांची सवयच होती. आज कानच नव्हते. सेकंदकाट्याकडे बघताना डोळ्यांत पाणी तरळत होतं. ते दोनदा मिचकावून त्यांनी काटा बारावर येताना पकडला आणि मोजायला सुरुवात केली. काटा फिरून परत बारावर आला.

"साठ."

"साठच?" भिंगरीने विचारलं. तिच्या आवाजात किंचित आश्चर्य होतं.

"साठ. पाच जास्त आहेत, ते सर्दीचे. जा, पण दामटवू नकोस."

"अहो, तिच्या चेहऱ्याकडे तरी बघा एकदा," आई म्हणाली.

"चेहऱ्यावर ठोके लिहिलेले नसतात," सेकंदराव म्हणाले. भिंगरी हसली, "म्हणजे मीच उगाच कुरकुरतेय," असं म्हणून तिने गळ्याभोवती मफलर गुंडाळला आणि गेली. तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

दुकानात कामं साचली होती, म्हणून सेकंदरावही लवकर निघाले. त्यांचं दुकान गावाच्या टेकडीकडच्या टोकाला होतं आणि त्याला लागून बेकरी. बेकरीची पुढची फळी सातला उघडायची, एक मिनिट मागे नाही की पुढे नाही, कारण शेजारी सेकंदराव होते. आज ते पोचले तेव्हा फळी बंद. त्यांनी मनगट पाहिलं. सात वाजून सहा मिनिटं. मागच्या दाराने डोकावून ते म्हणाले, "काय बाई, आज झोप लागली वाटतं?"

बेकरीवाल्या बाई पिठाच्या हाताने बाहेर आल्या. जाडजूड, हसऱ्या, कुणाचं ऐकून न घेणाऱ्या. "कुणाला झोप लागली? अजून सात वाजायचेत, काका."

"सात वाजून सहा मिनिटं झाली."

"तुमच्या सर्दीचं पाणी डोक्यात शिरलंय," बाई म्हणाल्या. "जा, आत जाऊन तुमचं ते मोठं घड्याळ बघा."

सेकंदराव जरा घुश्शातच दुकान उघडून आत गेले. भिंतीवर लंबकाचं उंच घड्याळ होतं. दुकानातली सगळी घड्याळं त्याच्यावरून लावली जायची आणि वर्षानुवर्षं ते चुकलेलं नव्हतं. त्यात सातला पाच कमी होते.

त्यांनी मनगट पाहिलं. मग भिंत पाहिली. मग खिळ्याला टांगलेलं स्वतःचं घड्याळ पाहिलं. सातला पाच कमी.

दातांच्या डॉक्टरांचं घड्याळ त्यांनी सोडून टेबलावर ठेवलं आणि होकायंत्र त्याच्याजवळ नेलं. होकायंत्राची सुई गर्रकन वळली आणि घड्याळाकडे बघत थरथरत राहिली. चुंबक. केसाएवढ्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले होते आणि घड्याळ सुटल्यासारखं पळत होतं. रेडिओ. सहा वाजता बरोबर होतं, म्हणजे पंचावन्न मिनिटांत अकरा मिनिटं पुढे. हिशेब करायला त्यांना कागद लागला नाही. त्या घड्याळाचं एक मिनिट पन्नास सेकंदांचं होतं. भिंगरीचे साठ ठोके पन्नास सेकंदांत पडले होते.

साठ नव्हे. बहात्तर.

बहात्तर म्हणजे नेहमीपेक्षा सतरा जास्त. बिछान्यातून नुकत्याच उठलेल्या, सायकल मारून कसलेल्या मुलीचे, नुसतं खुर्चीत बसलेली असताना बहात्तर. आणि ती बोलत होती. पाय जड आहेत म्हणाली. रात्री झोपेतून दोनदा, म्हणाली. दोनदा काय? त्यांनी तिला वाक्य पुरं करू दिलं नव्हतं.

त्यांनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. चढावर तिचा फोन पिशवीत असायचा, आणि अर्ध्या चढानंतर तर फोन लागायचाच नाही. मग त्यांनी केंद्रात लावला. रात्रपाळीचा पंपचालक जांभई देत बोलला.

"नाही आली अजून. काय झालं?"

काय झालं, हे कसं सांगायचं? माझं घड्याळ पुढे गेलंय, म्हणून माझी मुलगी मरेल? "जरा खाली रस्त्यावर जाऊन बघतोस का?" सेकंदराव म्हणाले.

"पंप सोडून मला हलता येत नाही, काका. आली की सांगतो फोन करायला."

"आली की तिला बसवून ठेव. काम करू देऊ नकोस. ऐकलंस?"

बेकरीवाल्या बाई दारात येऊन उभ्या होत्या. सेकंदरावांचा चेहरा पाहून त्यांची थट्टा जागच्या जागी विरली. पावाची गाडी कुठे आहे, सेकंदरावांनी विचारलं. बाईंचे यजमान पाव पोचवायला गावात गेले होते, अर्ध्या तासात येतील. अर्धा तास! सेकंदरावांची नजर बेकरीच्या सायकलवर गेली. लोखंडी, काळी, पुढे भलंमोठं टोपलं, गिअर वगैरे नाव नाही.

"काका, तुम्ही? या वयात, या सर्दीत?" बाई म्हणाल्या. "तुमच्याच घरात कायदा आहे ना..."

"गाडी आली की माझ्यामागे पाठवा. टेकडीच्या रस्त्याने." एवढं बोलून त्यांनी टांग मारली. पहिल्या दहा हातांत सायकल दोनदा गटाराकडे गेली, मग अंगाला जुनं सगळं आठवलं आणि ती सरळ धावायला लागली.

टेकडीचा पायथा दोन किलोमीटरवर होता. रस्त्यावर अजून उजाडलं न उजाडलंसं होतं. झाडांच्या बुंध्यांशी धुकं साचलेलं. थंड वारा नाकातून आत जाईना, म्हणून सेकंदराव तोंडाने श्वास घेत होते आणि तो घशाला करवतीसारखा लागत होता. छातीत खोकला दाटून आला. मानेच्या खाली, त्यांच्या मनात आलं. मुलीच्या कायद्यानेही आपण बिछान्यात पाहिजे होतो. पण त्यांना स्वतःची भीती वाटत नव्हती. भीती वाटत होती ती पुढच्या वळणाची. प्रत्येक वळणाच्या आधी त्यांना रस्त्यात पडलेली सायकल दिसायची, आणि वळण ओलांडलं की नुसता रस्ता असायचा. सुटलो, असं वाटेपर्यंत पुढचं वळण यायचं.

पायथ्याशी एक म्हातारा कुत्र्याला घेऊन फिरत होता. "सायकलवर मुलगी गेली का? लाल मफलर?" सेकंदरावांनी ओरडून विचारलं.

"गेली की. बराच वेळ झाला. रोज कशी भुर्रकन जाते, आज चालली होती रमतगमत." म्हातारा काहीतरी आणखी बोलला. सेकंदरावांच्या बंद कानांना ते पोचलं नाही.

रमतगमत. भिंगरी आणि रमतगमत! चढ लागला तसे ते उतरले आणि सायकल ढकलू लागले. टोपल्याचं वजन मागे ओढत होतं. सायकल टाकून द्यावी आणि पळावं, असं वाटलं. पळूनही पाहिलं, पण पंचवीस पावलांत डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि सायकलच्या दांड्याचाच आधार घ्यावा लागला. खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. वाकून खोकताना त्यांना भावाचा आवाज ऐकू आला, अगदी जवळून, बंद कानांच्या आतून. दादा, जाऊ का? चोवीस वर्षं ते स्वतःला सांगत आले होते, की त्या दिवशी नाडी मोजायची राहिली. पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं, की भावाने स्वतःच सांगितलं होतं. कसंसंच होतंय, म्हणाला होता. त्याला मोजायची गरजच नव्हती. फक्त मान वर करून त्याच्याकडे बघायचं होतं.

"देवा, एवढी वेळ जाऊ दे," ते मोठ्याने म्हणाले. देवाचं नाव त्यांच्या तोंडी सहसा येत नसे.

दुसऱ्या किलोमीटरच्या पुढे रस्ता डावीकडे वळतो, तिथे दरीच्या बाजूला कमरेइतका दगडी कठडा आहे. वळण घेतलं आणि त्यांना सायकल दिसली. भिंगरीची सायकल, रस्त्याच्या कडेला आडवी पडलेली. पुढचं चाक वर. आणि आसपास कुणी नाही.

सेकंदरावांच्या हातातून बेकरीची सायकल सुटली. तिचा धडाड आवाज झाला. "भिंगरे!" ते ओरडले, पण घशातून नुसती हवा आली. ते कठड्याकडे धावले. दरीत बघायचं धाडस होईना. डोळे मिटून त्यांनी दगडाला हात लावला.

"बाबा?"

आवाज खालून नव्हता, उजवीकडून होता. कठडा जिथे संपतो तिथे, मैलाच्या दगडाला पाठ टेकून ती जमिनीवर बसली होती. गुडघे पोटाशी, मफलर हातात. चेहरा राखेसारखा, ओठांवर रंग नाही. पण बघत होती. त्यांच्याकडे बघत होती.

"तुम्ही? सायकलवर?"

ते तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. तिचे गाल, कपाळ, खांदे, सगळीकडे हात लावून पाहिला. कपाळ थंडगार आणि ओलं होतं.

"काय होतंय?"

"छातीत फडफडतंय," भिंगरी म्हणाली. एकेका शब्दाला श्वास घ्यावा लागत होता. "खाली पायथ्याशीच वाटलं होतं, परत फिरावं. मग इथे अलीकडे परत वाटलं. पण म्हटलं, साठ आहेत. बाबांनी मोजलेत. म्हणजे मला काही झालेलं नाही, मी नाटकं करतेय. म्हणून जोर लावला. मग डोळ्यांपुढे अंधारी आली."

सेकंदरावांना वाटलं, तिने आपल्याला एक कानशिलात मारली असती तर बरं झालं असतं.

"साठ नव्हते," ते म्हणाले. "बहात्तर होते. घड्याळ पुढे पळत होतं. मी रेडिओवर ठेवलं. मी. चुंबक लागलं त्याला आणि मला कळलं नाही."

भिंगरी त्यांच्याकडे बघत राहिली. हसावं की रडावं हे तिला कळत नव्हतं, आणि दोन्हीसाठी तिच्याकडे श्वास नव्हता.

"म्हणजे मला खरंच होत होतं," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. उलट हायसं वाटल्यासारखी म्हणाली, आणि तेच सेकंदरावांना सहन झालं नाही.

त्यांनी कोट काढून तिच्याभोवती गुंडाळला. तिचं मनगट हातात घेतलं. मोजायला घड्याळ नव्हतं, त्यांचं स्वतःचंही दुकानातल्या खिळ्यालाच राहिलं होतं. बोटाखाली नाडी धावत होती, मध्येच अडखळत होती, थांबल्यासारखी होऊन परत धावत होती. एवढ्या वर्षांत त्यांनी असली चाल कधी अनुभवली नव्हती. प्रत्येक अडखळण्याला त्यांचा स्वतःचा श्वास थांबत होता.

"तुझ्या काकालाही मीच जा म्हणालो होतो," ते म्हणाले. का म्हणाले, ते त्यांनाही कळलं नाही. तोंडातून निघून गेलं. "त्याने विचारलं होतं मला. बरं वाटत नाही, असं सांगून विचारलं होतं. मी वर बघितलंसुद्धा नाही."

भिंगरीने डोकं त्यांच्या खांद्यावर टेकवलं. दोघं तशीच बसून राहिली, आणि सेकंदराव रस्त्याच्या खालच्या टोकाकडे डोळे लावून गाडीची वाट पाहत राहिले. किती वेळ गेला, हे आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना सांगता आलं नसतं.

बेकरीची गाडी आली. बाई स्वतः पुढे बसून आल्या होत्या, अंगावर पिठाचा एप्रन तसाच. भिंगरीला पावाच्या रिकाम्या ट्रेंमध्ये पोत्यांवर आडवं केलं आणि यजमानांनी गाडी अशी हाणली की वळणावळणाला ट्रे एकमेकांवर आपटत होते. सगळा रस्ताभर सेकंदराव तिचे पाय मांडीवर घेऊन बसले होते आणि एकच गोष्ट बघत होते, तिच्या छातीवरचा कोट वरखाली होतोय ना.

इस्पितळात छातीला तारा लावल्या, रक्त घेतलं, पडद्यावर हृदय दाखवणारं यंत्र आणलं. आई येऊन पोचली. तिने कोटाविना बसलेल्या नवऱ्याच्या अंगावर शाल टाकली आणि बाकावर शेजारी बसली. दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"हृदयाच्या स्नायूला सूज आहे," त्या म्हणाल्या. "थांबली ते बरं झालं. आणखी तो चढ चढली असती तर मी काही सांगू शकले नसते. पुढचे दोन दिवस लक्ष ठेवावं लागेल. त्यानंतर किमान तीन महिने सायकल नाही, जिनेसुद्धा सावकाश."

"बरी होईल?" आईने विचारलं.

"बहुतेक जण पूर्ण बरे होतात."

बहुतेक. सेकंदरावांनी तो शब्द ऐकला. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "आणि तुम्ही? तुम्हाला किती दिवस सर्दी आहे?" त्यांचीही छाती तपासली, तारा लावल्या. त्यांच्यात काही निघालं नाही. सक्त विश्रांती सांगितली आणि मुलीच्या खोलीत पाच मिनिटं बसायची परवानगी दिली, तोंडावर पट्टी बांधून.

भिंगरी उशीला टेकून होती. डोक्याशी एका पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत होती आणि तिच्या बाजूला आकडा लुकलुकत होता. चौऱ्याण्णव. एक्याण्णव. सत्त्याण्णव. सेकंदरावांची नजर त्या आकड्याला जाऊन चिकटली. पावलं दारातच थबकली. बरं झालं असतं, त्यांना वाटलं, दिवसभर इथे उभं राहून नुसतं बघत बसलो असतो तर. नव्याण्णव झाला तर ओरडता आलं असतं. नव्वद झाला तर बसता आलं असतं.

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि पडद्याकडे पाठ करून बसले. भिंगरीचा चेहरा समोर आला. नाक अजून लाल होतं, डोळ्यांखाली काळं झालं होतं, आणि ती त्यांच्याकडे अशी बघत होती की तिला काही सांगायचं आहे, पण कुणी विचारल्याशिवाय ती सांगणार नाही.

"कसं वाटतंय?" सेकंदरावांनी विचारलं.

हा प्रश्न त्यांच्या तोंडून तिने कधी ऐकला नव्हता. तिचे डोळे भरून आले.

"भीती वाटतेय, बाबा," ती म्हणाली. "खूप भीती वाटतेय."

होईल सगळं ठीक, हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"मलाही वाटते," ते म्हणाले. "तू चार वर्षांची होतीस, तेव्हापासून."